लोहग्रहाचे सम्राट हमीदमामू

हमीदमामू आमच्या अवकाशयानात पहिल्यांदा चढले तेव्हा त्यांनी चपला बाहेर काढल्या, वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "लिंब कुठंय?"

अवकाशयान म्हणजे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतलं एक रिकामं शेड. थर्मोकोलला चंदेरी रंग फासून, जुन्या टेबलफॅनच्या जाळ्या भिंतीला ठोकून आणि न्हाव्याच्या दुकानातली फिरती खुर्ची मधोमध मांडून आम्ही ते आकाशात सोडलं होतं. त्यात कडुलिंबाचं झाड असण्याचं काही कारण नव्हतं. मी तसं नम्रपणे सांगितलं.

"लिंब नाय?" मामूंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना बिनइंजिनाचं यान दाखवत होतो. "मंग आवाज कुठपत्तर फेकायचा?"

मामूंची उमर गेली गावोगावच्या जत्रांमधल्या नाटकांत. मोकळ्या मैदानात स्टेज, माइक असला तर शिट्टी मारणारा, आणि शेवटची रांग गावच्या लिंबाखाली. त्या लिंबाखाली बसलेल्या म्हातारीला ऐकू गेलं तर नाटक झालं, नाहीतर, मामूंच्या भाषेत, "खाली हातवारे झाले." शेवटी शेडच्या टोकाला ऑइलचं एक पिवळं पिंप पडलं होतं, ते मी दाखवलं. मामूंनी डोळे बारीक करून अंतर जोखलं.

"चलेगा," ते म्हणाले. "पर पिंपाला सांगून ठेवा, मधी उठून जायचं नाय."

मी कमी बोलणारा माणूस. कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामावर लाल स्टिकर चिकटवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. घरी, पुंडलिकनगरात, बायको सुनीता बोलते आणि मी मान हलवतो. अशा माणसाच्या पोटात जे साठतं ते कुठून तरी बाहेर पडतंच. माझं आकाशात पडलं. 'लोहग्रह' ही विज्ञानकथेची चित्रपटमालिका मीच लिहिली, मीच दिग्दर्शित केली. दुसरा भाग इंटरनेटवर टाकल्यावर जो काही गाजावाजा झाला तो तुमच्यापैकी काहींच्या मोबाईलवरही येऊन गेला असेल. लोक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, "सर, काय डायरेक्शन!" आणि मी खाली बघून हसायचो. लोकांना वाटायचं, बिचारा लाजतोय. लाज होतीच. फक्त तिचं कारण वेगळं होतं, आणि ते सांगायला मला इतके दिवस लागले.

पहिल्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लोकांनीही तो थोडक्यातच पाहिला. नायक विक्की. शेड त्याच्या वडिलांचं, म्हणून नायक तो. ही गोष्ट त्यालाही माहीत होती आणि तो ती लपवत नव्हता. दंड उत्तम. चेहऱ्यावर मात्र भाव एकच, जिममध्ये वजन उचलताना येतो तो. पृथ्वी फुटली तरी तोच, आई भेटली तरी तोच. कॅमेऱ्यावर गणेश, आमच्या भागातला लग्नांचा शूटिंगवाला. हात स्थिर, पण सवयी पक्क्या. उल्का आदळली की पडद्यावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. दोन यानांची टक्कर त्यानं बदामाच्या आकाराच्या चौकटीत दाखवली.

सुनीतानं सिनेमा पूर्ण पाहिला. घरच्या माणसाला तेवढं करावं लागतं. शेवटी म्हणाली, "तो रोबोट बरा होता." रोबोट म्हणजे फ्रिजचं खोकं होतं.

दुसऱ्या भागासाठी मी लोहग्रहाचा सम्राट लिहिला. हजार वर्षं जगलेला, क्रूर, आणि अतिशय कमी बोलणारा. तो मी कुणासाठी लिहिला असेल हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलंच असेल. विक्कीच्या लक्षात आलं नव्हतं, तेवढं मला पुरे होतं.

सम्राटाला कपडे हवेत म्हणून मी जुन्या शहरात मामूंच्या दुकानात गेलो. आमच्याकडं याला ड्रेपरी म्हणतात: नाटकाचे पोशाख, मुकुट, तलवारी, दाढ्यामिशा, रंगवलेले पडदे, सगळं भाड्यानं. दुकानावरच्या खोलीत मामू राहायचे. मी गेलो तेव्हा ते एका दाढीतून कंगवा फिरवत होते. दाढी खिळ्याला टांगलेली होती.

"सम्राटाचा ड्रेस पाहिजे."

"कोनता सम्राट?"

"आकाशातला."

"इंद्र."

"इंद्र नाही. दुसऱ्या ग्रहावरचा आहे."

"मंग शनी. काळा घ्यावा लागंल."

"मामू, विज्ञानकथा आहे. त्याच्या अंगातून किरणं निघतात."

मामूंनी कंगवा थांबवून विचार केला. "किरनं निघतात तो सूर्य. पर सूर्य शाळेच्या गॅदरिंगला गेलाय. तुमी इंद्र न्या. बॅटरी लावून देतो."

मी इंद्र गुंडाळून बगलेत मारला, तर मामूही पायात चपला सरकवून उभे राहिले.

"तुम्ही कुठं?"

"ड्रेस एकटा जात नाय, डायरेक्टरसाब. रिवाज हाय आपला. एका गावावर भरोसा केला, तर राजाच्या मुकुटातून पंगतीला बुंदी वाढली त्यांनी."

या रिवाजाचा दुसरा अर्धा भाग मला नंतर कळला. गावातली हौशी नटमंडळी ऐन प्रयोगाला पिऊन पडायची, रुसून शेतात जाऊन बसायची, एखाद्याला तर बायको स्टेजवरून हाताला धरून घरी न्यायची. मग विंगेत कपड्यांच्या पेटीवर बसलेला ड्रेपरीवाला उभा राहायचा. कपडे त्याचेच, मिशी त्याचीच, आणि वर्षानुवर्षं तीच नाटकं ऐकून पाठांतरही त्याचंच. असे मामू प्रधान झाले, सेनापती झाले, शिपाई झाले, एकदा तर हिरॉइनचे वडील आणि सासरे दोन्ही झाले. "आपुन मराठवाड्याचा सगळ्यात बडा नट," ते सांगायचे, आणि सांगताना त्यांना विनयाचा त्रास होत नसे. "बोर्डावर नाव कधी आलं नाय, का? तर बोर्ड आदी रंगवतात, अन् नट मागून पळतो."

तर मी इंद्राचा पोशाख घालून न्हाव्याच्या खुर्चीत बसलो. छातीवर मामूंची बॅटरी लुकलुकत होती. समोर साखळदंडात विक्की, पृथ्वीचा कैदी. मी म्हणालो, "पृथ्वी नष्ट करा."

गणेश म्हणाला, "सर, जरा अजून."

मी जरा अजून म्हणालो.

विक्की म्हणाला, "सर, तुम्ही मटेरियल रिजेक्ट करताय असं वाटतंय."

पेटीवरून मामू उठले. "मुकुट वाकडा हाय," म्हणाले आणि माझ्या डोक्यावरचा काढला. सरळ कसा असतो ते दाखवायला स्वतःच्या डोक्यावर ठेवला. कसं बसायचं ते दाखवायला मला उठवलं. बसल्यावर मात्र ते वाक्य बोलले नाहीत. मलाच विचारलं, "हजार साल जगला म्हनता ना हा?"

"हो."

"पोरंबाळं?"

"स्क्रिप्टमध्ये नाहीत."

"स्क्रिप्टमदी नसतील. त्याला तर असतील ना? हजार साल कोन एकटा ऱ्हातो? बायका झाल्या असतील, पोरं, नातू, पणतू. ते काय हजार साल जगले नाय. म्हंजे सगळ्यांना ह्यानंच माती दिली."



"च्यायला," विक्की साखळदंडातून म्हणाला. "हे आपल्या लक्षातच नाही आलं." आपल्या म्हणजे माझ्या.

मामू विक्कीकडं बघत राहिले. लांबच्या गावाहून आलेल्या आणि दारात उभ्या राहिलेल्या पोराकडं बघावं तसे. मग त्यांनी विचारलं, "जेवलास का?"

पहिल्या भागात क्षणभरही खरा न वाटलेला विक्की खरोखर गोंधळला. "नाही," तो म्हणाला.

मामूंनी मान हलवली. पिंपाकडं पाहिलं. आणि अगदी हळू, पण पिंपापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्याला खाऊ घाला. मंग पृथ्वी नष्ट करा."

गणेशनं पाकळ्या टाकल्या नाहीत. यावरून काय ते समजा.

"हे वाक्य स्क्रिप्टमध्ये नाही," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. माझा आवाज तसाही पिंपापर्यंत जात नाही. मुकुट माझ्या डोक्यावर परत आला नाही. सम्राटानं 'खाऊ घाला' म्हटल्यावर ताट घेऊन कुणीतरी उभं राहायला हवं होतं. ते काम मला मिळालं.

पुढचे दिवस मी दिग्दर्शक कमी आणि सम्राटाचा चालक जास्त होतो. मामूंना तुकड्यातुकड्यांत काम जमत नसे. "शॉट-बिट आपल्याला कळत नाय, अंक सांगा," म्हणायचे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं करून दाखवायचे, त्यात विक्कीचे संवादही तेच म्हणायचे. शिवाय रिकाम्या शेडात त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

"पब्लिक कुठंय?"

"पब्लिक नंतर बघेल, मामू. आता कॅमेरा आहे ना."

"मंग मी बी नंतर करतो."

मग आम्ही पहिली शिफ्ट सुटली की आजूबाजूच्या कंपन्यांतून बाहेर पडणाऱ्या कामगारांना बोलावू लागलो. कंपनीची बस येईपर्यंत ती माणसं डबे मांडीवर घेऊन शेडात बसायची. मामूंनी एखादं वाक्य पिंपापर्यंत नेलं की टाळ्या. त्या टाळ्या आवाजात गेल्या आणि काढता येईनात. सिनेमा आल्यावर कुणीतरी खाली लिहिलं, 'टाळ्या ऐकू येतात, म्हणजे लोहग्रहावर हवा आहे.' हा मालिकेतला एकमेव वैज्ञानिक पुरावा. मी तो मान्य केला.

आणि मामू घरूनच राजा होऊन निघायचे. चेहऱ्याला रंग, अंगात इंद्र, डोक्यावर मुकुट. "राजा शेडात जाऊन कपडे बदलतो का?" माझ्या स्कूटरवर मागं बसायचे, तलवार आडवी, त्यामुळं शेजारून कुणी ओव्हरटेक करत नसे. एकदा चौकात ट्रॅफिकच्या हवालदारानं अडवलं. मागच्याला हेल्मेट का नाही, म्हणाला. मी मुकुटाकडं हात केला. हवालदार जवळ आला, वाकून बघू लागला आणि एकदम सावधानमध्ये उभा राहिला.

"मामू? तुमी पिशोरच्या जत्रेत सेनापती केलता ना? मी ल्हान व्हतो. लिंबावर बसून बघितलं व्हतं."

"आवाज आलता का वर?" मामूंनी विचारलं.

"लख्ख आलता."

मामूंनी तृप्तपणे मान डोलावली. हवालदारानं त्यांना सलाम ठोकला आणि मला पावती फाडली.

दुसरा भाग आला आणि 'जेवलास का' गावभर झालं. शिफ्टच्या बसमध्ये पोरं एकमेकांना त्याच आवाजात विचारायची. जे लोक विज्ञानकथा म्हटलं की चॅनेल बदलतात, त्यांनी माझी मालिका शोधून पाहिली, आणि मग पहिला भागही पाहिला, आणि मग पुन्हा दुसरा पाहिला. मला वाटतं, चव बदलायला. खालच्या शेकडो प्रतिक्रियांमध्ये माझ्याबद्दल एकच होती: 'सम्राटाशेजारी ताट घेऊन उभा आहे तो माणूस एवढा रागात का आहे?'

आता सांगतो, का होता ते. मी वर्षानुवर्षं मनात एक ग्रह बांधला होता. रात्रपाळीत, बसमध्ये, मान हलवताना. त्यावर सम्राट म्हणून मी बसणार होतो. आणि एक ड्रेपरीवाला येतो, मुकुट सरळ करायचा म्हणून काढतो, आणि पोरंबाळं किती असा एक प्रश्न विचारून अख्खा ग्रह माझ्या खालून काढून घेतो. लोक म्हणायचे, "सर, त्या म्हाताऱ्याकडून काय काम करून घेतलंत!" मी खाली बघून हसायचो. मी काही करून घेतलं नव्हतं. मी ताट धरलं होतं.

म्हणून तिसऱ्या भागात मी सम्राटाला मारायचं ठरवलं. पहिल्याच पाच मिनिटांत, आणि तेही पडद्याबाहेर. गादीवर त्याचा धाकटा भाऊ येतो. भाऊ कोण, हे सांगायला नकोच.

"कथेची गरज आहे," मी सुनीताला म्हणालो.

"कुणाची?" ती भांडी घासता घासता म्हणाली.

मामूंना सांगायला मी न कळवता दुकानात गेलो. शूटिंग नव्हतं, कुठली जत्रा नव्हती, शाळांना सुट्ट्या होत्या. मामू दुकानात एकटेच बसले होते, पूर्ण पोशाखात, मुकुटासकट. मला बघून जरा गडबडले.

"ड्रेस असा मधी मधी अंगावर घालावा लागतो," म्हणाले. "घडीत ऱ्हायला की कपडा मरतो."

चहा मागवला. भिंतीवर दोन मुलांचे फोटो होते, एक आखातातला, एक हैदराबादचा. तिसरा फोटो त्यांच्या बेगमचा, त्याला नवा हार. मी चहा संपेपर्यंत धीर गोळा केला आणि एका दमात सांगून टाकलं, "तिसऱ्या भागात सम्राट मरतो."

मामूंचे डोळे मोठे झाले. "मरतो? खरं सांगता?"

मी भांडणाची तयारी करून गेलो होतो. रडण्याचीही. मामूंनी उठून मला मिठी मारली. त्यांच्या बॅटरीची वायर माझ्या शर्टाच्या गुंडीत अडकली आणि आम्ही बराच वेळ तसेच उभे राहिलो.

"उमर गेली डायरेक्टरसाब, पर मरन काय भेटलं नाय."

"म्हणजे?"

"अरे, मरायचा प्रवेश सगळ्यात बेस. बाया रडतात, पैशे फेकतात. तो पाटलाचा पोरगा घ्यायचा, नाय तर सरपंच. अन् ते कशाला पळतील? मरायचा पार्ट सोडून कोन पळतं? पळायचे ते प्रधान अन् शिपाई. म्हनून मी आपला जित्ताच ऱ्हायलो." त्यांनी वायर सोडवली, खुर्ची पुढं ओढली. "हं. किती पानांचं हाय?"

"काय?"

"मरन."

मी चहाच्या रिकाम्या कपात बघितलं. "पान असं नाही. दूत येतो आणि सांगतो, सम्राट गेले."

"अन् मी?"

"तुम्ही गेलेले असता."

"कुठं?"

"आत."

मामूंनी मुकुट काढून मांडीवर ठेवला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. "म्हंजे मी मेलो हे दुसरा कोनी येऊन सांगनार," ते म्हणाले. "हौ. तसं बी असतं." आणि मग, ज्या माणसानं आयुष्यात कुणाकडं भूमिका मागितली नव्हती, पळालेल्याच्या जागी नुसता उभा राहिला होता, तो मला म्हणाला, "तीन वाक्यं द्या. जास्ती नको. लोकांसमोर मरू द्या."

मी दिली. मोठ्या मनानं नाही. तिथून लवकर निघता यावं म्हणून दिली.

त्यानंतर मला कंपनीत फोन येऊ लागले. मी मापाचं गेज हातात घेऊन उभा असायचो आणि मामू विचारायचे, "जीव आदी हातातून जातो का पायातून?" किंवा, "डोळे उघडे ठेवू का मिटू? उघडे ठेवले तर पब्लिक घाबरंल. मिटले तर समजंल झोपला." शेजारचा सुपरवायझर मला विचारू लागला की घरी कुणी आजारी आहे का.

मरणाच्या दिवशी पहिली शिफ्ट सुटली आणि शेड भरलं. बातमी पसरली होती; माणसं दाटीवाटीनं बसली, काही मागं उभी राहिली. आम्ही दिवे वापरत नव्हतो, छताच्या पारदर्शक पत्र्यातून येणारं ऊन तेवढा आमचा सूर्य. सम्राट न्हाव्याच्या खुर्चीत रेलून पडलेले. मी धाकटा भाऊ, गुडघ्यावर बसलेला. तीन वाक्यं संपली की मी मुकुट काढून घ्यायचा आणि "मी न्याय करीन" म्हणायचं.

"माझी वेळ झाली," मामू म्हणाले.

मग थांबले. इतके थांबले की मागं कुणाचा तरी डबा खाली पडला आणि कुणी वळून पाहिलं नाही.

"माझे ग्रह तुझ्या हाती."

आता तिसरं वाक्य. ते म्हणेनात. मी वाट पाहून मुकुटाला हात घातला, तर मामूंनी माझं मनगट धरलं. पकड मरणाऱ्या माणसाची नव्हती.

"थांब. कोनते ग्रह, ते तर ऐकून घे."

स्क्रिप्टमध्ये ग्रहांना नावं नव्हती. मला सुचली नव्हती.

"पिशोर ग्रह," सम्राट म्हणाले. "थंडी लई तिथं. पब्लिक गोधड्या घेऊन येतं. पोरं मांडीवर झोपतात, पर मायबाप उठत नाय. त्यांना ताटकळत ठेवू नको. नाचनवेल ग्रहावर लाईट जाती. गेली तर थांबायचं नाय, बोलत ऱ्हायचं. अंधारात बी ऐकतात ती मानसं. चापानेर ग्रहावर एक म्हातारी हाय, राजा हरला की शिव्या देती. तिला वाईट वाटू देऊ नको."

बाहेर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. कुणी हललं नाही. पुन्हा दिला. "अय, जाऊ दे तिला," कुणीतरी हळू म्हणालं. थोड्या वेळानं ड्रायव्हरच बोलवायला आत आला आणि दारातच टेकून उभा राहिला.

"करंजखेड ग्रह." मामूंचा आवाज खाली आला, तरी पोचत होता. "तिथं आता कुनी बोलवत नाय. कुठंच बोलवत नाय म्हना. तरी तू जाऊन ये. मैदान असंल. नुसतं उभा ऱ्हा जरा वेळ, अन् ये."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझं वाक्य होतं. न्यायाचं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जाईन, मामू."

लोहग्रहाच्या सम्राटाला त्याचा सख्खा भाऊ मामू म्हणाला. कुणी हसलं नाही. मामूंनी मनगट सोडलं, हात खाली गेला, आणि जीव, तुम्हाला म्हणून सांगतो, हातातूनच गेला. मला तो जाताना दिसला.

"कट," मी म्हणालो, बऱ्याच वेळानं. टाळ्या झाल्या. विक्कीनं शिट्टी मारली आणि मग भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दुसरा भाव आला होता आणि नेमका कॅमेरा बंद झाला होता.

मामू उठले नाहीत.

टाळ्या विरल्या. गणेश माझ्याकडं बघू लागला. मी पुन्हा गुडघ्यावर बसलो, त्यांच्या छातीवर हात ठेवला. बॅटरी लुकलुकत होती. त्यावरून काही कळेना.

"मामू."

ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल असं ते म्हणाले, "पडू द्या जरा. उठलो की संपलं ना काम."

डोळे मिटलेलेच होते. रंगाखाली चेहरा म्हातारा दिसत होता, सम्राटापेक्षाही. घरी जाऊन रंग धुवायचा, पोशाखाची घडी घालायची, आणि मग कुठल्याच ग्रहावरून बोलावणं नाही. ते बंद करणारा मीच होतो, आणि कथेला त्याची अजिबात गरज नव्हती.

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज पार पिंपापर्यंत गेला.

"मामू, परत घ्यावं लागतंय. कॅमेरा चालूच नव्हता."

गणेशनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. शेडमधल्या शंभर माणसांनी कॅमेऱ्याचा लाल दिवा पाहिला होता. एकानंही चकार शब्द काढला नाही.

मामूंनी एक डोळा उघडला. "गन्या," ते म्हणाले, "लोकांच्या लग्नात वरमाला चुकवत नाय तू. माझं मरन चुकवलं?"

गणेश माझ्याकडं बघून म्हणाला, "चुकलं, मामू."

मामू आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग हळूच मान उचलून समोर पाहिलं. बस बाहेर रिकामीच उभी होती. माणसं तशीच बसली होती, आता त्यांच्यात ड्रायव्हरसुद्धा.

"अन् अशे नालायक सिनेमा काढतात," मामू म्हणाले आणि हात पुढं केला. मी तो धरून त्यांना उठवलं. त्यांनी पोशाख झटकला, मुकुट बसवला आणि खुर्चीत नीट रेलून पडले.

"कुठून घ्यायचं?"

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

छतातून ऊन येत होतं तोवर मामू मरत राहिले, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ घेऊन.